जुनी गाडी, चंद्रपूरचं ऊन आणि सांगोवांगीच्या गोष्टी

"पंधरा वर्षं झाली, आता गाडी भंगारातच जाणार." गडचिरोली-चंद्रपूरच्या, म्हणजे एमएच-३३ आणि एमएच-३४ च्या पाट्या असलेल्या कितीतरी घरांत ही भीती बसली आहे, आणि तिला आधार नाही. डिझेलला दहा आणि पेट्रोलला पंधरा वर्षं ही मर्यादा दिल्ली आणि भोवतालच्या राजधानी परिसरापुरती घातली गेली. १ एप्रिल २०२३ पासून पंधरा वर्षांवरच्या ज्या गाड्यांची नोंदणी रद्द झाली, त्या सरकारी होत्या. आपल्याकडे खासगी कारची नोंदणी पंधरा वर्षांनी संपते, पण आरटीओत तपासणी करून ती पुढे पाच-पाच वर्षांसाठी वाढवून मिळते. पर्यावरण कर भरावा लागतो. नूतनीकरणाचं शुल्क एप्रिल २०२२ पासून पाच हजार रुपये झालं, वीस वर्षांवरच्या गाडीला ते आणखी जास्त आहे, आणि मुदत टळली की महिन्याला पाचशे रुपये दंड. खर्च आहे, पण गाडी हातची जात नाही.

खरा प्रश्न कागदांचा नाहीच. सिरोंच्याहून गडचिरोली दोनशे किलोमीटरच्या आसपास आहे. आलापल्लीहून भामरागडकडे जाताना जंगलात कित्येक ठिकाणी मोबाईलला रेंज नसते. तिथे घरची गाडी म्हणजे रुग्णाला दवाखान्यात आणि पोराला परीक्षेला पोहोचवण्याचं साधन. ती वाटेत बंद पडली तर मदतीचा नंबर फिरवून भागत नाही. म्हणून जुन्या गाडीबद्दलचा चुकीचा सल्ला इथे पुण्या-मुंबईपेक्षा जास्त महाग पडतो.

सर्वांत महाग सल्ला रेडिएटरचा: "कूलंट थंड प्रदेशासाठी असतं, आपल्याकडे पाणीच बरं." चंद्रपूरला मे महिन्यात पारा ४७-४८ अंशांवर जातो, आणि कूलंटची गरज नेमकी तिथेच जास्त आहे. साधं पाणी १०० अंशांना उकळतं. पाणी आणि कूलंट निम्मं-निम्मं असेल तर तोच बिंदू १०७ अंशांच्या आसपास जातो आणि रेडिएटरच्या झाकणाच्या दाबामुळे आणखी वर सरकतो. म्हणून ते झाकणही शाबूत हवं, रबर चिरलेलं झाकण हा स्वस्तातला पण घातक बिघाड आहे. त्याहून मोठा मुद्दा गंजाचा. आपल्याकडे बऱ्याच बोअरवेलचं पाणी जड आहे. त्याचा क्षार रेडिएटरच्या बारीक नळ्यांत आणि इंजिनाच्या पाण्याच्या वाटांत बसतो, आणि ॲल्युमिनियमचं हेड आतून खाल्लं जातं. हेड गॅसकेट उडालं की ऑईलमध्ये पाणी मिसळून ते दुधाच्या चहासारखं दिसू लागतं, आणि मग खर्च हजारांत मोजावा लागतो. कूलंटमध्ये गंजरोधक द्रव्य असतं, आणि तेही काळाने संपतं. त्यामुळे कंपनीने दिलेल्या मुदतीत ते बदलायचं. वाटेत नाइलाजाने पाणी टाकावं लागलं तर टाका, पण इंजिन पूर्ण निवल्यावरच झाकण उघडा, आणि घरी आल्यावर सिस्टीम धुऊन पुन्हा कूलंट भरा.

याला जोडूनच दुसरा सल्ला मिळतो: "थर्मोस्टॅट काढून टाका, इंजिन थंड राहील." इंजिनाचं काम ठरावीक गरमीतच नीट चालतं. बहुतेक थर्मोस्टॅट ८० ते ९० अंशांच्या दरम्यान उघडतात. तो काढला की हिवाळ्यात इंजिन गरम व्हायला फार वेळ लागतो आणि पेट्रोल जास्त जळतं. त्यातही अनेक इंजिनांत थर्मोस्टॅट उघडताना आडवाट बंद करतो. तो नसेल तर गरम पाण्याचा काही भाग रेडिएटरकडे न जाता इंजिनातच फिरत राहतो, म्हणजे ऐन मे महिन्यात गाडी उलट जास्त तापते.

मग गाडी तापते कशाने? घुग्घुस-बल्लारपूरकडे कोळशाची भुकटी, आष्टी-आलापल्ली रस्त्यावर सूरजागडच्या लोहखनिजाच्या ट्रकांमागची लाल धूळ. ही धूळ आधी एसीच्या कंडेन्सरवर आणि त्यामागे रेडिएटरच्या पत्र्यांत बसते. ट्रकमागे रांगत चालताना वारा मिळत नाही, सगळा भार पंख्यावर येतो, आणि जुन्या गाडीत पंख्याची रिले किंवा मोटर तिथेच दगा देते. रेडिएटर इंजिनाच्या बाजूने बाहेरच्या दिशेला, हलक्या धारेने धुवा. जोराच्या प्रेशरने पत्रे वाकतात. आणि इंजिन गार असताना रबरी पाइप बोटांनी दाबून पाहा. क्लिपपाशी बारीक भेगा दिसल्या, पाइप कडक किंवा लिबलिबीत लागला, तर पुढच्या लांबच्या फेरीआधी बदला.

"उन्हाळ्यात टायरमध्ये हवा कमी ठेवायची" हा तर जिवावरचा गैरसमज. हवा कमी असलेला टायर चालताना जास्त दुमडतो, त्यानेच जास्त तापतो आणि फुटतो. हवा सकाळी, टायर थंड असताना, कंपनीने सांगितलेल्या आकड्याएवढी भरा. "खाचा अजून आहेत" म्हणून जुना टायर चांगला ठरत नाही. टायर कधी बनला ते सांगणारे चार आकडे त्याच्या कडेवर असतात. २३१८ म्हणजे २०१८ सालचा तेविसावा आठवडा. ऊन रबराला वापराविनाही म्हातारं करतं.

बॅटरीचंही तेच. डिसेंबरच्या पहाटे सेल्फ मारत नाही म्हणून थंडीला दोष देतात, पण बॅटरीची झीज उन्हाळ्यात झालेली असते.

वीस टक्के इथेनॉलच्या पेट्रोलने जुनं इंजिन लगेच बसतं, असं नाही. मात्र मायलेज घटतं. नीती आयोगाच्या २०२१ च्या आराखड्यातच जुन्या धाटणीच्या कारसाठी सहा ते सात टक्के घट धरली होती. जुने रबरी फ्युएल पाइप आणि सील यांना इथेनॉल सोसत नाही, आणि ते हवेतली ओल ओढतं. पावसाळ्यात आठवडेच्या आठवडे गाडी उभी राहणार असेल तर टाकी रिकामी ठेवू नका, आणि पेट्रोलचा वास आला तर पाइप आधी तपासा.

पर्लकोटा नदीला पूर आला की भामरागडचा रस्ता दरवर्षी बंद पडतो. पाण्यात बंद पडलेली गाडी "एकदा चावी मारून बघू" म्हणून चालू करू नका. सिलिंडरमध्ये पाणी गेलं असेल तर ते दाबलं जात नाही, त्यामुळे कनेक्टिंग रॉड वाकतो. बॅटरीची वायर काढा, गाडी ढकलून किंवा ओढून बाहेर घ्या, आणि मेकॅनिकने स्पार्क प्लग काढून आतलं पाणी बाहेर घालवल्यावरच इंजिन फिरवा. जुन्या गाडीला अनेकदा फक्त थर्ड पार्टी विमा असतो, आणि त्यात हे नुकसान भरून मिळत नाही.