मोटार वर उचलतांना

पंक्चर झालेलें चाक काढण्यासाठीं चालक जॅक लावून मोटार वर उचलतो, हें आमच्या विद्यार्थ्यांनीं पाहिलेंच असेल. एका हाताच्या बळानें एवढा भार कसा उचलला जातो? तेलाच्या जॅकमध्यें लहान दट्ट्या तेलास दाबतो, आणि कोंडलेल्या द्रवांतील दाब सर्व बाजूंस सारखाच पसरतो. हा पास्कलचा नियम होय. मोठ्या दट्ट्याचें क्षेत्रफळ २० पट असेल तर जोरही २० पट मिळतो. (मात्र मोठा दट्ट्या १ इंच चढावयास लहानाला एकूण २० इंच चालावें लागतें, फुकट कांहींच नाहीं!) जोसेफ ब्रामा यानें १७९५ सालीं याच नियमावर आपलें दाबयंत्र रचिलें.

परंतु धोकाही त्या तेलांतच आहे. आंतील रबरी कडी झिजली कीं तेल निसटतें व गाडी खालीं येते. म्हणून जॅकनें केवळ उचलावें. धरून ठेवण्याचें काम लोखंडी घोडीचें. विटा रचूं नयेत, त्या भाराखालीं एकाएकीं फुटतात.

जमीन सपाट व टणक असावी. हातब्रेक ओढून, जमिनीवर राहणाऱ्या चाकांस उटी लावावी. चाकाचे नट गाडी उचलण्यापूर्वींच थोडे सैल करावेत. घाईंत जाणतेही हें विसरतात, आणि मग वर उचललेली गाडी पान्याच्या हिसक्यानें जॅकवरून घसरते.

रस्त्यांत घोडी नसेल, तर सुटें चाक आडवें करून गाडीच्या सांगाड्याखालीं सरकवावें. गाडी घसरलीच तर चाकावर टेकेल. तरीही अंग खालीं घालूं नये.