अडचण शरीरात की पायरीत?

इतिहासाच्या तासाला मुले गिरणी कामगारांचे लढे शिकतात, महाडच्या चवदार तळ्याचा सत्याग्रह शिकतात, स्त्रियांना मताचा अधिकार कसा मिळाला हेही थोडेफार शिकतात. अपंग माणसांनीही आपल्या हक्कांसाठी निदर्शने केली, सरकारी कचेऱ्यांत ठाण मांडले, कायदे करून घेतले. ते मात्र बहुतेकांच्या कानावरून गेलेले नसते. मग मुलांच्या मनात अपंगत्वाचे जे चित्र तयार होते ते येते कुठून? बऱ्याच अंशी चित्रपटांतून. आंधळी आई, लंगडा खलनायक, तोतऱ्या नोकरावर पिकणारा हशा. हा मसाला आपल्याकडे वर्षानुवर्षे चालत आला आहे.

तेव्हा चित्रपट आणि पुस्तके यांच्याच मदतीने हा इतिहास शिकवून पाहावा, असे आम्हाला वाटते. त्यासाठी एकच प्रश्न हाताशी ठेवावा : या गोष्टीत अडचण नेमकी कुठे आहे? माणसाच्या शरीरात, की शरीराबाहेर?

प्रश्न तात्त्विक वाटेल, पण तो टेपने मोजता येतो. गेल्या वर्षी कापूरहोळच्या आसपासच्या काही शिक्षकांबरोबर आम्ही तो मोजला. कापूरहोळ म्हणजे पुणे-सातारा महामार्गावरून भोरकडे वळण्याचे ठिकाण. तिथून जवळच्याच एका शाळेचा व्हरांडा जमिनीपासून ४५ सेंटिमीटर उंच होता. पायऱ्यांशेजारी सिमेंटचा उतारही होता, म्हणजे कागदोपत्री सोय झालेली होती. उताराची लांबी भरली दोन मीटर. आता साध्या यंत्रांचा धडा आठवा. घर्षण सोडून दिले तर उतारावर वजन ढकलायला लागणारा जोर म्हणजे वजन गुणिले उंची भागिले लांबी. मूल आणि खुर्ची मिळून ८० किलो धरले, तर या उतारावर १८ किलो वजन उचलण्याइतका जोर सतत लावावा लागतो. आपल्याकडच्या नियमावलीत उतार १ : १२ पेक्षा तीव्र नसावा असे म्हटले आहे. त्या हिशेबाने जोर पावणेसात किलोंच्या आत येतो, मात्र उतार ५.४ मीटर लांब करावा लागतो. मूल तेच, खुर्ची तीच. एका उतारावर ते स्वतः वर्गात जाते, दुसऱ्यावर कोणीतरी ढकलेपर्यंत थांबते. आठवीच्या मुलांना हे गणित घालून पाहा. उत्तर आल्यावर ती शाळेतले सगळे उतार मोजत सुटतात!

हे गणित डोक्यात ठेवून नसीमा हुरजूक यांचे ‘चाकाची खुर्ची’ हे आत्मकथन वाचावे. वयाच्या सोळाव्या वर्षी त्यांचा कमरेखालचा भाग लुळा पडला. पुढे स्वतः चाकाच्या खुर्चीतून वावरणाऱ्या बाबूकाका दिवाण यांची भेट झाली, शिक्षण झाले, सरकारी नोकरी झाली. १९८४ मध्ये कोल्हापुरात ‘हेल्पर्स ऑफ द हँडिकॅप्ड’ ही संस्था उभी राहिली. पुस्तक वाचताना मुलांना दोन रकाने करायला सांगावे : कोणती अडचण आजाराची, कोणती माणसांनी उभी केलेली. मज्जारज्जूला झालेली गंभीर इजा आजही पूर्णपणे भरून काढता येत नाही. पायरी मात्र गवंडी दोन दिवसांत बदलून देतो. वाचणाऱ्याला हा फरक एकदा दिसला की या पुस्तकाकडे नुसती जिद्दीची कहाणी म्हणून पाहणे कठीण होते.

चित्रपटांत सई परांजपे यांचा ‘स्पर्श’ (१९८०) आधी घ्यावा. अंधशाळेचे अंध मुख्याध्यापक हे त्यातले मुख्य पात्र. कीव आणि मदत यांतली सीमा कुठे आहे, हा चित्रपटाचा खरा विषय. चित्रण दिल्लीच्या अंधशाळेत झाले असून तिथली मुलेच त्यात दिसतात. त्यानंतर ‘चौकट राजा’ (१९९१) आणि ‘यलो’ (२०१४) शेजारी शेजारी ठेवून पाहण्यासारखे आहेत. पहिल्यात बौद्धिक अपंगत्व असलेला नंदू दिलीप प्रभावळकर यांनी रंगवला, आणि उत्तम रंगवला. दुसऱ्यात पुण्याची जलतरणपटू गौरी गाडगीळ हिने स्वतःचीच भूमिका केली. तिला डाउन सिंड्रोम आहे, म्हणजे बहुधा एकविसाव्या गुणसूत्राच्या दोनऐवजी तीन प्रती असतात. दोन चित्रपटांमध्ये तेवीस वर्षे गेली. ‘आमच्याविषयी बोलायचे तर आम्हाला घेऊन’, ही जगभरच्या चळवळीची मागणी या तेवीस वर्षांत पडद्यापर्यंत पोचली, असे म्हणायला हरकत नाही.

‘चंदू चॅम्पियन’ (२०२४) मुलांनी पाहिलेला असतो. सांगली जिल्ह्यातले मुरलीकांत पेटकर १९६५ च्या युद्धात जखमी झाले आणि १९७२ च्या पॅरालिम्पिकमध्ये पोहण्यात सुवर्णपदक मिळवून आले. पद्मश्री मिळाली २०१८ मध्ये. वजाबाकी मुलांनाच करू द्यावी. आणखी एक गंमत सांगावी, गंमत कसली म्हणा : त्या वर्षी ऑलिंपिक म्युनिकला होते, पण पॅरालिम्पिक हायडेलबर्गला भरवावे लागले. म्युनिकचे क्रीडाग्राम स्पर्धेनंतर घरांसाठी रूपांतरित करण्याचे आधीच ठरलेले होते.

आतापर्यंतची उदाहरणे एकेका माणसाची झाली. माणसे एकत्र आल्यावर काय होते, हे ‘क्रिप कॅम्प’ (२०२०) या अमेरिकन माहितीपटात दिसते. १९७७ मध्ये सॅनफ्रान्सिस्कोच्या सरकारी इमारतीत शंभराहून अधिक अपंग माणसे तीन आठवड्यांहून अधिक काळ ठाण मांडून बसली. फोन तोडले गेले, तेव्हा कर्णबधिर आंदोलकांनी खिडकीतून खुणांच्या भाषेत बाहेर निरोप पाठवले. ज्याला आपण उणीव म्हणतो तीच तिथे उपयोगी पडली.

आपल्याकडेही डिसेंबर १९९५ मध्ये जावेद अबिदी आणि त्यांच्या साथीदारांनी दिल्लीत निदर्शने केली आणि त्याच महिन्यात संसदेत पहिला व्यापक कायदा झाला. २००१ मध्ये स्टीफन हॉकिंग दिल्लीला आले, तेव्हा कुतुबमिनारला त्यांच्यासाठी लाकडी उतार टाकले गेले. त्यामागेही अबिदींचा आग्रह होता. १९९५ च्या कायद्यात अपंगत्वाचे ७ प्रकार होते, २०१६ च्या कायद्यात २१ झाले. या दुसऱ्या कायद्यातले ३१ वे कलम शिक्षकांनी जरूर वाचावे. ४० टक्के किंवा अधिक अपंगत्व प्रमाणित असलेल्या ६ ते १८ वर्षांच्या मुलाला जवळच्या शाळेत किंवा त्याच्या पसंतीच्या विशेष शाळेत मोफत शिकण्याचा हक्क आहे. म्हणजे कापूरहोळच्या मुलाला पुण्याची वाट दाखवून चालणार नाही.

जुलै २०२४ मध्ये निपुण मल्होत्रा यांच्या याचिकेवर सर्वोच्च न्यायालयाने अपंगांच्या चित्रणाविषयी मार्गदर्शक सूत्रे घालून दिली. अपंगत्व समजून घेऊन केलेला विनोद वेगळा आणि अपंगांना कमी लेखणारा विनोद वेगळा, हा भेद त्यात आहे. आपल्या आवडत्या विनोदी चित्रपटांतले प्रसंग मुलांनी या दोन गटांत वाटून पाहावेत. वाद होतील, ते होऊ द्यावेत.

वर्गात कमी दिसणारे मूल असेल, तर चित्रपट चालू असताना शेजारच्याने संवादांच्या मधल्या मोकळ्या जागेत पडद्यावर काय दिसते ते हळू आवाजात सांगावे. कमी ऐकू येणारे असेल तर पडद्यावर अक्षरे येणारी प्रत मिळवावी. आणि प्रक्षेपक वरच्या मजल्यावर असेल, तर तो आधी खाली आणावा.