बुद्धमूर्ती : मुद्रा, आसन आणि आशय

बुद्धमूर्ती ही नवसाला पावणाऱ्या देवाची मूर्ती नव्हे. दुःखाचे कारण शोधून त्यातून सुटण्याचा मार्ग दाखवणाऱ्या माणसाचे ते स्मरण आहे. म्हणूनच मूर्तीची बैठक, हातांची ठेवण आणि चेहऱ्यावरचा भाव या प्रत्येकातून धम्मातील काही ना काही सांगितलेले असते.

बुद्धांच्या महापरिनिर्वाणानंतर काही शतके त्यांना मानवी रूपात दाखवले जात नव्हते. स्तूप, धम्मचक्र, बोधिवृक्ष, पावले किंवा रिकामे आसन एवढ्यावरून त्यांचे अस्तित्व सूचित होई. भाजे, कार्ले आणि अहिल्यानगर जिल्ह्याला लागून असलेल्या जुन्नर परिसरातील चैत्यगृहांत पूजास्थानी मूर्ती नाही, स्तूप आहे. इसवी सनाच्या पहिल्या शतकाच्या सुमारास मथुरा आणि गांधार येथे मूर्ती घडू लागल्या. पुढे अजिंठा, वेरूळ आणि कान्हेरीच्या लेण्यांत त्यांनी भव्य रूप घेतले.

मूर्तीची काही लक्षणे बहुतेक ठिकाणी आढळतात. डोक्यावरचा उंचवटा म्हणजे उष्णीष; ते प्रज्ञेचे चिन्ह मानतात. भुवयांमधली ऊर्णा अंतर्दृष्टी सुचवते. लांबलेल्या कानांच्या पाळ्या राजपुत्रपणी घातलेल्या जड अलंकारांची आणि पुढे केलेल्या त्यागाची आठवण देतात. चिखलात उगवूनही निर्मळ राहणारे कमळ आसन म्हणून येते. अर्धोन्मीलित डोळे ध्यान दर्शवतात.

हातांच्या मुद्रेवरून प्रसंग ओळखता येतो. मांडीवर एकावर एक ठेवलेले तळवे म्हणजे ध्यानमुद्रा. उजव्या हाताची बोटे जमिनीला टेकलेली असतील तर ती भूमिस्पर्श मुद्रा. मोहात पाडू पाहणाऱ्या माराला न डगमगता बुद्धांनी पृथ्वीला साक्षी ठेवले, तो ज्ञानप्राप्तीचा क्षण. छातीजवळ दोन्ही हात असलेली धर्मचक्रप्रवर्तन मुद्रा सारनाथच्या पहिल्या उपदेशाची आहे. उंचावलेला तळहात अभय देतो, तर खाली सोडलेला उघडा तळहात दान आणि करुणा दर्शवतो. मुद्रेप्रमाणे आसनही बदलते; वेरूळच्या दहाव्या लेण्यात, ‘सुतार की झोपडी’त, स्तूपासमोरची मूर्ती पाय खाली सोडून बसलेली आहे.

पाचव्या शतकाच्या उत्तरार्धात कोरलेले अजिंठ्याचे सव्विसावे लेणे या दृष्टीने मुद्दाम पाहावे. त्याच्या एकाच भिंतीवर दोन प्रसंग आहेत. एकात माराची सेना चाल करून येते, त्याच्या कन्या नाचतात आणि मध्ये बुद्ध अढळ बसलेले आहेत. दुसऱ्यात सुमारे सात मीटर लांबीची महापरिनिर्वाणाची मूर्ती उजव्या कुशीवर पहुडली आहे. खाली शिष्य शोकाकुल झाले आहेत, पण बुद्धांच्या चेहऱ्यावर वेदनेची रेषा नाही. अनित्यतेची शिकवण येथे शिल्पातून समोर येते.

अहमदनगरच्या (आताच्या अहिल्यानगरच्या) भुईकोट किल्ल्यातही बुद्धविचारांचे मनन झाले. १९४२ ते १९४५ या काळात तेथे कैदेत असताना समाजवादी नेते आचार्य नरेंद्र देव यांनी बौद्ध तत्त्वज्ञ वसुबंधूच्या ‘अभिधर्मकोशा’चा हिंदी अनुवाद केला. पंडित नेहरूंनी १९४४ मध्ये तेथेच लिहिलेल्या ‘डिस्कव्हरी ऑफ इंडिया’त बुद्धप्रतिमेविषयी चिंतन आहे. वरवर अलिप्त दिसणाऱ्या त्या चेहऱ्यामागे त्यांना भावनेचे प्रबळ सामर्थ्य जाणवले.

महाराष्ट्रात बुद्धमूर्तीला नवे सामाजिक स्थान मिळाले ते डॉ. बाबासाहेब आंबेडकरांमुळे. २५ डिसेंबर १९५४ रोजी देहूरोड येथे त्यांच्या हस्ते रंगूनहून आणलेल्या बुद्धमूर्तीची स्थापना झाली. १४ ऑक्टोबर १९५६ रोजी त्यांनी नागपुरात धम्मदीक्षा घेतली. बुद्ध हा विष्णूचा अवतार असे मानणार नाही, अशी एक प्रतिज्ञा त्या वेळच्या बावीस प्रतिज्ञांत आहे. त्यामुळे आंबेडकरी बौद्धांच्या लेखी ही मूर्ती माणसाच्या मुक्तीची आणि समतेची खूण ठरली. अहिल्यानगर जिल्ह्यातील विहारांतही बुद्धमूर्तीजवळ बाबासाहेबांची प्रतिमा दिसते.

वंदनेतील वस्तूंनाही अर्थ आहे. कोमेजणारे फूल अनित्यता सांगते, दिवा वा मेणबत्ती प्रज्ञेचा प्रकाश, आणि धूप किंवा अगरबत्ती शीलाचा दरवळ. त्रिशरण आणि पंचशील म्हणताना उपासक हिंसा, चोरी, व्यभिचार, असत्य आणि मद्य यांपासून दूर राहण्याचा संकल्प करतो. दुकानांत मिळणारा पोट सुटलेला ‘लाफिंग बुद्धा’ मात्र गौतम बुद्ध नव्हे; ती चीनमधील बुदाई नावाच्या भिक्खूची प्रतिमा आहे. मूर्तीपुढे उच्चारलेले शील रोजच्या वागण्यात उतरते, तेव्हाच बुद्धवंदना पूर्ण होते.