राजधानीचे पुरस्कार आणि तुंगभद्रेचे पाणी

दरवर्षी ऑक्टोबर सरत आला, की बंगळुरूच्या विधानसौधातील व्हरांड्यांत शिफारसपत्रांची वर्दळ वाढते. एक नोव्हेंबर हा कर्नाटकाचा स्थापनादिन आणि त्या दिवशी राज्योत्सव पुरस्कार दिले जातात. एके काळी ही यादी एवढी फुगत गेली होती, की पुरस्कारप्राप्तांपेक्षा वगळल्या गेलेल्यांचीच नावे मोजणे सोपे, असे गमतीने म्हणता आले असते. पुढे संख्येला लगाम बसला. राज्याचे जेवढे वय तेवढे पुरस्कार, असा संकेत ठरला. त्यानुसार २०२३ मध्ये ६८ आणि २०२४ मध्ये ६९ जणांची निवड झाली. साहित्य, संगीत, यक्षगान, क्रीडा यांच्या पंक्तीत पर्यावरणालाही जागा असते. मात्र पर्यावरणाच्या नावाने सत्ता कोणाचा गौरव करते आणि कोणाचा गौरव करताना तिची लेखणी अडखळते, याची चिकित्सा सहसा होत नाही.

कर्नाटकात पर्यावरण म्हटले, की जी नावे प्रथम ओठांवर येतात ती वृक्ष लावणाऱ्यांची. हुलिकल ते कुदूर या रस्त्याच्या दुतर्फा वडाची रोपे लावून ती लेकरांसारखी वाढविणाऱ्या सालुमरद तिम्मक्कांना २०१९ मध्ये पद्मश्री मिळाली. अंकोला तालुक्यातील हलक्की समाजाच्या तुळसी गौडा अनवाणी पायांनी राष्ट्रपती भवनात पद्मश्री स्वीकारण्यास गेल्या, ते छायाचित्र २०२१ मध्ये देशभर गाजले. या दोघींच्या थोरवीविषयी दुमत होण्याचे कारण नाही. पण झाड लावणारा माणूस सत्तेकडे काही मागत नाही, कोणाचे नाव घेत नाही, कोणाला न्यायालयात खेचत नाही. त्याच्या गळ्यात हार घालताना मंत्र्याला कोणत्याही उद्योगपतीची नाराजी पत्करावी लागत नाही. याउलट, आपल्या गावाच्या नदीत कोणत्या कारखान्याचे सांडपाणी येते हे नावानिशी सांगणारा कार्यकर्ता व्यासपीठावर बसला, तर त्याच व्यासपीठावरच्या अन्य खुर्च्या अस्वस्थ होतात. या दुसऱ्या प्रकारच्या कार्यकर्त्याची कर्नाटकातील सर्वांत ठळक कहाणी राजधानीपासून दूर, तुंगभद्रेच्या काठी घडली.

हरिहरजवळ तुंगभद्रा ही एके काळी मुंबई इलाखा आणि म्हैसूर संस्थान यांची सीमा होती. १९५६ च्या राज्यपुनर्रचनेत दोन्ही काठ एका राज्यात आले, तरी जिल्ह्यांची हद्द नदीतूनच राहिली; आज एका बाजूला दावणगेरे, दुसऱ्या बाजूला हावेरी. सीमेवरच्या नदीला दोन मालक असतात आणि म्हणूनच बहुधा एकही नसतो. अशा ठिकाणी, राणेबेन्नूर तालुक्यातील कुमारपट्टणम येथे, १९७२ च्या सुमारास बिर्ला समूहाचा हरिहर पॉलिफायबर्स हा कारखाना उभा राहिला. लाकडापासून रेयॉनसाठी लगदा तयार करणे हा त्याचा उद्योग. अशा उद्योगाला दोन गोष्टी भरमसाट लागतात, लाकूड आणि पाणी. लाकूड जंगलातून येते आणि वापरलेले पाणी नदीत जाते. खालच्या अंगाच्या गावांना या दुसऱ्या गोष्टीचा अनुभव लवकरच आला. प्रक्रिया न केलेल्या सांडपाण्यामुळे मासे मरू लागले आणि मासेमारीवर जगणाऱ्या कुटुंबांच्या उपजीविकेवर घाला आला. ज्या पाण्यात गाव आंघोळ करी, गुरे धुई आणि जे पीतही असे, त्याच पाण्याची धास्ती वाटू लागली.

एस. आर. हिरेमठ हे नाव या टप्प्यावर येते. अमेरिकेत शिक्षण आणि नोकरी करून ते १९७९ मध्ये मायदेशी परतले आणि राणेबेन्नूर तालुक्यातील मेडलेरी या गावी ग्रामविकासाच्या कामाला लागले. परदेशातून परतलेल्या उच्चशिक्षितांनी त्या काळी शाळा काढाव्यात, विहिरी खोदाव्यात, बचतीचे धडे द्यावेत, अशी अपेक्षा असे. सरकारलाही असे पाहुणे आवडत. परंतु ज्या गावाचा विकास करावयाचा त्या गावची नदीच नासत असेल, तर विकासाचा आरंभ कोठून करावयाचा, या प्रश्नाला बगल देणे हिरेमठांना जमले नाही. धारवाडमध्ये समाज परिवर्तन समुदाय ही संघटना उभी राहिली आणि २ ऑक्टोबर १९८४ रोजी, गांधीजयंतीला, कारखान्याच्या दारात मोठे निदर्शन झाले.

या लढ्याचे वेगळेपण त्याच्या पुढच्या पावलात आहे. डिसेंबर १९८५ मध्ये संघटनेने बंगळुरूच्या उच्च न्यायालयात जनहित याचिका दाखल केली. तिचा रोख कारखान्यापेक्षाही राज्य प्रदूषण नियंत्रण मंडळावर होता. तुंगभद्रेचे प्रदूषण रोखण्याचे आपले वैधानिक कर्तव्य मंडळाने पार पाडले नाही, ही तक्रार होती. १९७४ च्या जल कायद्याने अशी मंडळे जन्माला घातली, तेव्हा नदीला एक राखणदार मिळाला असे मानले गेले. दहा-अकरा वर्षांत त्याच राखणदाराला न्यायालयात ओढण्याची वेळ नदीकाठच्या माणसांवर आली. ‘सरकारचे काम हे देवाचे काम’ असे विधानसौधाच्या कपाळावर कन्नडमध्ये कोरलेले आहे. ते वाक्य कुमारपट्टणमच्या खालच्या गावांत कसे वाचले गेले असेल, याची कल्पना करणे कठीण नाही.

दरम्यान राजधानीत वेगळाच करार आकार घेत होता. गांधीजयंतीच्या निदर्शनाला दीड महिनाही उलटला नव्हता, तोच १४ नोव्हेंबर १९८४ रोजी राज्य सरकार आणि हरिहर पॉलिफायबर्स यांच्यात कर्नाटक पल्पवूड लिमिटेड या संयुक्त कंपनीसाठी करार झाला. सरकारचा वाटा ५१ टक्के, कारखान्याचा ४९ टक्के. उत्तर कर्नाटकातील चार जिल्ह्यांत पसरलेली ३० हजार हेक्टर सामाईक जमीन या कंपनीला निलगिरी लावण्यासाठी चाळीस वर्षांच्या भाडेपट्ट्याने द्यावयाची होती. भाडे? एकरी वर्षाला एक रुपया. म्हणजे सुमारे पाऊण लाख एकर जमिनीचे वर्षाचे भाडे पाऊण लाख रुपये. उत्पादनातील ८७.५ टक्के माल थेट कारखान्याला मिळणार होता आणि उरलेला साडेबारा टक्के विकत घेण्याची मुभाही त्यालाच होती. ही जमीन कागदोपत्री सरकारची, पण व्यवहारात गावाच्या गुरांची, सरपणाची आणि भूमिहीनाच्या शेळीची. महाराष्ट्रात जिला गायरान म्हणतात, तिचेच हे भावंड. मुख्यमंत्रिपदी तेव्हा रामकृष्ण हेगडे होते. विकेंद्रीकरण आणि पंचायत राज्याचे पुरस्कर्ते म्हणून देशभर ज्यांचा लौकिक, त्यांच्याच राजवटीत पंचायतींच्या डोक्यावरून हा व्यवहार झाला, ही विसंगती नोंदवावयास हवी.

येथे प्रदूषणाचा प्रश्न आणि जमिनीचा प्रश्न एकत्र आले. नदी बिघडविणाऱ्याशी लढणाऱ्या गावकऱ्यांना कळून चुकले, की ज्याच्याकडे दाद मागावयाची, तो सरकार नावाचा पंचच आता प्रतिपक्षाच्या धंद्यात ५१ टक्क्यांचा भागीदार झाला आहे. १९८६ मध्ये सर्वोच्च न्यायालयात याचिका गेली. तिचे पहिले अर्जदार होते ज्ञानपीठविजेते कादंबरीकार शिवराम कारंत. आणीबाणीच्या निषेधार्थ पद्मभूषण परत करणारे हेच ते कारंत. सरकारी सन्मान परत करून आलेल्या वृद्ध लेखकाने सरकारविरुद्धच्या अर्जावर पहिली सही करावी, यात एक सुसंगती होती. मार्च १९८७ मध्ये न्यायालयाने स्थगिती दिली.

स्थगिती मिळाली म्हणून लढा कागदांच्या स्वाधीन झाला नाही. १४ नोव्हेंबर १९८७ रोजी, करार झाल्याला बरोबर तीन वर्षे होत असताना, कुसनूर या गावी सत्याग्रह झाला. ‘कित्तिको-हच्चिको’, म्हणजे ‘उपटा आणि लावा’, हे त्याचे नाव. ढोल वाजवीत, टोपल्यांत रोपे घेऊन सुमारे दोन हजार माणसे वादग्रस्त जमिनीवर गेली, निलगिरीची शंभर रोपे उपटली आणि त्यांच्या जागी फळ व चारा देणारी झाडे लावून ती जगविण्याची शपथ घेऊन परतली. फक्त शंभर! हजारो उपटता आली असती. आकडा मुद्दाम लहान ठेवलेला होता, असे मानावयास जागा आहे. नासधूस केल्याचा ठपका ठेवण्याची संधी पोलिसांना देण्याची आंदोलकांची तयारी नव्हती. यात गंमत अशी, की येथेही झाडेच लावली गेली. पण या झाडांसाठी कोणी पुरस्कार दिला नाही. ऑक्टोबर १९९१ मध्ये, बंगारप्पा मुख्यमंत्री असताना, संयुक्त कंपनी गुंडाळण्याचा निर्णय सरकारने जाहीर केला.

हिरेमठांची संघटना तेथे थांबली नाही. बळ्ळारीतील बेकायदा लोहखनिज उत्खननाविरुद्ध ती २००९ मध्ये सर्वोच्च न्यायालयात गेली. जुलै २०११ च्या अखेरीस न्यायालयाने बळ्ळारीतील खाणकाम थांबविले, त्याच आठवड्यात लोकायुक्त संतोष हेगडे यांचा अहवाल आला आणि येडियुरप्पांना मुख्यमंत्रिपद सोडावे लागले. राजीनाम्याच्या बातमीत राजधानीतील सत्तास्पर्धेची इतकी चर्चा झाली, की न्यायालयातील अर्जदार कोण, हे बहुतेक वाचकांच्या ध्यानातही राहिले नाही.

अशा कार्यकर्त्यांचा गौरव देशात अजिबात होत नाही, असे म्हणणे अन्यायाचे ठरेल. गंगा आणि ताजमहाल यांच्या प्रदूषणाचे खटले लढविणारे एम. सी. मेहता यांना २०१६ मध्ये पद्मश्री मिळाली. मात्र अमेरिकेतील गोल्डमन पुरस्कार त्यांना १९९६ मध्येच मिळालेला होता. भोपाळच्या रशीदा बी आणि चंपादेवी शुक्ला यांचा २००४ मध्ये गौरव केला, तो याच पुरस्काराने. छत्तीसगढमधील रायगढचे रमेश अग्रवाल छोटेसे इंटरनेट कॅफे चालवीत आणि तेथेच कोळसा प्रकल्पांची कागदपत्रे गावकऱ्यांना वाचून दाखवीत. २०१२ मध्ये त्यांच्यावर गोळ्या झाडल्या गेल्या आणि २०१४ मध्ये त्यांनाही गोल्डमन मिळाला. देशी सन्मान येतो तो बहुधा उशिरा, प्रतिपक्ष दुबळा झाल्यावर किंवा विस्मृतीत गेल्यावर. परदेशी सन्मान लवकर येतो. पण मग तो कार्यकर्ता परकीयांचा हस्तक ठरविण्यासाठी तोच पुरावा म्हणून वापरला जातो.

बंगळुरूला प्रदूषणाची खरी झळ लागली ती बेळ्ळंदूर तलावाचा फेस रस्त्यावर येऊ लागला तेव्हा. फेब्रुवारी २०१७ मध्ये या तलावातून धुराचे लोट उठले, तेव्हा संगणक कंपन्यांच्या काचेच्या इमारतींतून ते दिसले आणि जगभर बातमी झाली. राष्ट्रीय हरित न्यायाधिकरणाने दखल घेतली, समित्या नेमल्या गेल्या, नियंत्रण मंडळाला जाब विचारला गेला. कुमारपट्टणमच्या खालच्या गावांनी हाच जाब याच मंडळाला १९८५ मध्ये विचारला होता. त्या वेळी काचेच्या इमारती नव्हत्या आणि दूरचित्रवाणीचे कॅमेरेही नव्हते.

मंडळाचे मुख्यालय आज बंगळुरूच्या चर्च स्ट्रीटवर आहे. त्या इमारतीत दरवर्षी ५ जूनच्या आगेमागे रोपवाटपाचे फलक लागतात. तुंगभद्रेच्या काठचा कारखाना आजही चालू आहे, नदी पूर्वीप्रमाणेच हम्पीला वळसा घालून पुढे जाते. आणि सर्वोच्च न्यायालयाच्या खाणविषयक निकालाच्या पहिल्या पानावर, एप्रिल २०१३ ची तारीख घेऊन, अर्जदार म्हणून समाज परिवर्तन समुदाय आणि प्रतिवादी म्हणून कर्नाटक राज्य, ही दोन नावे समोरासमोर छापलेली आहेत.