टाळांचा कडकडाट आणि लिमिटरची मर्यादा

म्हादई आणि मलप्रभा या दोन्ही नद्यांचा उगम असलेल्या खानापूर तालुक्यातील वारकरी भजनाची परंपरा गोमंतकीय वाचकांना अपरिचित नाही. सप्ताहातील भजन आता अनेकजण छोट्या रेकॉर्डरवर मुद्रित करून ठेवतात. अभंग संथ लयीत असतो तोवर सारे सुरळीत चालते. लय वाढून दहा-वीस टाळ एकदम कडाडले की मुद्रणात केवळ चरचर उरते. वयोवृद्ध बुवांच्या गळ्यातील एखादी जुनी चाल पुन्हा ऐकायला मिळेलच याची शाश्वती नसते, म्हणून या दोषाचे कारण जाणून घेणे अगत्याचे आहे.

चुंबकीय फितीवर आवाज मर्यादेबाहेर गेला तर तो हळूहळू बिघडत असे. डिजिटल मुद्रणात तशी सवलत नाही. तेथे ध्वनितरंगाची उंची आकड्यांत नोंदवली जाते आणि 16 बिटच्या मुद्रणात सर्वांत मोठा आकडा 32,767 असतो. त्याहून उंच गेलेल्या प्रत्येक शिखराची नोंद तेवढीच होते. शिखर कापले जाऊन सपाट होते. हेच क्लिपिंग. नंतर संगणकावर जी दुरुस्ती होते, ती कापलेल्या भागाचा केवळ अंदाज असतो.

लिमिटर ठरावीक पातळीपलीकडे जाऊ पाहणारा आवाज तत्क्षणी खाली दाबतो आणि तो ओसरला की दाब सोडतो. हा दाब सोडण्याचा वेळ फार लांबला, तर पखवाजाच्या प्रत्येक थापेनंतर गायकाचा स्वर मागे ओढल्यासारखा वाटतो. फार आखूड ठेवला, तर आवाजात खरखर येते.

परंतु लिमिटर बसवला आहे कोठे, हा खरा प्रश्न आहे. विद्युतलहरीचे आकड्यांत रूपांतर होण्यापूर्वी तो असेल तरच उपयोग. नंतरचा लिमिटर आधीच कापलेले शिखर फक्त खाली आणतो. आपल्या यंत्रात काय आहे हे पाहण्यासाठी लिमिटर चालू ठेवून माइकजवळ मुद्दाम जोरात टाळ वाजवावेत आणि मुद्रित तरंग संगणकावर मोठा करून पाहावा. तो कमाल रेषेच्या खाली असूनही माथ्यावर कापल्यासारखा सपाट दिसला, तर त्या लिमिटरवर विसंबू नये.

तसेही, लिमिटरच्या भरवशावर गेन चढा ठेवणे हे माझ्या मते मुळातच चुकीचे आहे. 24 बिटची सोय असल्यास सर्वांत जोरकस टाळ उणे 12 डेसिबलच्या आसपास राहतील असा गेन ठेवावा. तरंगाची उंची त्यामुळे कमाल मर्यादेच्या चौथ्या हिश्शावर येते, म्हणजे दोन बिट रिकामे राहतात. उरलेले 22 बिट भजनाला पुरून उरतात. लिमिटर मग क्वचितच, अनपेक्षित कडकडाटापुरता जागा होईल. काही रेकॉर्डर त्याच वेळी कमी पातळीची दुसरी प्रतही मुद्रित करतात. ती सोय असेल तर अवश्य चालू ठेवावी. आणि पातळी जुळवताना बुवांना केवळ 'हॅलो, हॅलो' म्हणायला न लावता टाळकऱ्यांनाच गजराच्या लयीत वाजवायला सांगावे.