रोआल्ड डाल यांचं 'बॉय': लेखकाच्या बालपणीच्या आठवणींवर किती विश्वास ठेवायचा?

'चार्ली अँड द चॉकलेट फॅक्टरी' लिहिणारे ब्रिटिश लेखक रोआल्ड डाल यांचं बालपणावरचं पुस्तक 'बॉय' १९८४ मध्ये आलं. हे आत्मचरित्र नाही, मनात घर करून राहिलेले प्रसंग आहेत, असं ते सुरुवातीलाच सांगून टाकतात. ही सूचना बरेच वाचक विसरतात.

पुस्तकात काय आहे?

डाल यांचा जन्म १९१६ चा, वेल्समधला. आईवडील नॉर्वेचे. डाल तीन वर्षांचे असताना मोठी बहीण गेली आणि काही आठवड्यांतच वडीलही. नवव्या वर्षी त्यांना बोर्डिंग शाळेत धाडलं गेलं. पुढे रेप्टनच्या शाळेत कॅडबरी कंपनी नवी चॉकलेटं मुलांना चाखायला पाठवायची. चार्लीच्या गोष्टीचं बीज तिथलंच.

मग चूक कुठे झाली?

रेप्टनच्या मुख्याध्यापकांनी आपल्या मित्राला छडीने अमानुष मारलं, असं डाल लिहितात. हेच गृहस्थ पुढे कँटरबरीचे आर्चबिशप झाले आणि त्यांनी राणी एलिझाबेथचा राज्याभिषेक केला, असंही ते सांगतात. म्हणजे जेफ्री फिशर. पण चरित्रकार जेरेमी ट्रेग्लोन यांनी तारखा जुळवल्या, तेव्हा तो प्रसंग १९३३ चा निघाला. फिशर १९३२ मध्येच शाळा सोडून गेले होते. 'बॉय' आलं तेव्हा त्यांना जाऊन १२ वर्षं झाली होती. खुलासा करायला ते उरलेच नव्हते.

मग फक्त कागदपत्रंच खरी मानायची?

तेही तितकं सोपं नाही. डाल यांनी आईला लिहिलेली सहाशेहून जास्त पत्रं तिने जपून ठेवली होती. पण पहिल्या बोर्डिंग शाळेत रविवारी पत्रं लिहिताना मुख्याध्यापक मुलांच्या मागे फिरत, खांद्यावरून मजकूर वाचत. त्यामुळे शाळेतल्या हालअपेष्टांबद्दल पत्रात चकार शब्द नसे.

म्हणजे आठवणीत माणूस चुकला आणि तारीख घातलेल्या पत्रातून भीतीच गायब झाली.

म्हणून असं पुस्तक वाचताना त्या वयात काय वाटलं, हे लेखकाकडूनच ऐकावं. पण एखाद्या माणसावर आरोप असेल, तर तारखा दुसरीकडे तपासल्याशिवाय तो पुढे पाठवू नये.