कॉफीसाठीचे पाणी

कॉफीसाठीचे पाणी म्हणजे भाजलेल्या कॉफीच्या पुडीतील स्वाद व गंध उतरविण्यासाठी वापरले जाणारे पाणी. दुधाशिवाय केलेल्या गाळीव कॉफीत सुमारे ९८ टक्के पाणीच असते. त्यामुळे पूड तीच असली, तरी पाणी बदलल्यास चव बदलते.

रासायनिक घटक

पाण्यातील दोन गुणधर्म येथे महत्त्वाचे ठरतात. पहिला कठीणपणा. तो मुख्यतः कॅल्शियम व मॅग्नेशियम यांच्या क्षारांमुळे येतो. ही खनिजे पुडीतील स्वादद्रव्ये पाण्यात उतरण्यास मदत करतात, असे मानले जाते. दुसरा गुणधर्म अल्कता. ती प्रामुख्याने बायकार्बोनेटमुळे येते व कॉफीतील आम्ले निष्प्रभ करते. अल्कता जास्त असल्यास कॉफी सपक लागते, तर फारच कमी असल्यास आंबटपणा बोचतो. ख्रिस्तोफर हेंडन व सहकाऱ्यांनी २०१४ मध्ये प्रसिद्ध केलेल्या शोधनिबंधात विद्राव्य खनिजांच्या या कार्याची चर्चा आहे.

मानके

स्पेशालिटी कॉफी असोसिएशन ऑफ अमेरिका या तत्कालीन संस्थेच्या मानकानुसार पाणी गंधहीन व क्लोरीनमुक्त असावे. त्यातील एकूण विद्राव्य घन पदार्थ प्रतिलिटर सुमारे १५० मिलिग्रॅम (७५ ते २५० चालतात) आणि अल्कता सुमारे ४० मिलिग्रॅम असावी. पिण्याच्या पाण्यासाठीच्या भारतीय मानकात (आयएस १०५०० : २०१२) अल्कतेची स्वीकार्य मर्यादा २०० मिलिग्रॅम आहे. म्हणजेच पिण्यास पूर्णतः योग्य असलेले पाणी कॉफीसाठी योग्य असेलच असे नाही.

घरगुती परीक्षा

साबणाला फेस न येणे, डाळ लवकर न शिजणे आणि भांड्याच्या तळाशी पांढरा थर साचणे, ही कठीण (दुष्फेन) पाण्याची परिचित लक्षणे होत. विहिरी व कूपनलिका यांच्या पाण्यात ती अधिक आढळतात. पावसाने भरणाऱ्या जलाशयांचे पाणी बहुधा मृदू (सुफेन) असते. बाजारात मिळणारा टीडीएस मापक विद्राव्य पदार्थांचा केवळ अंदाज देतो. कठीणपणा व अल्कता यांचे वेगवेगळे प्रमाण त्यावरून कळत नाही. त्यासाठी स्वतंत्र चाचणी करावी लागते.

उपाय

पाणी उकळून निवू दिल्यास बायकार्बोनेटमुळे आलेला तात्पुरता कठीणपणा साक्याच्या रूपाने तळाशी बसतो. वरचे पाणी अलगद ओतून घ्यावे. उकळल्याने क्लोरीनचा वासही कमी होतो. सक्रिय कोळशाची गाळणीही त्यासाठी उपयोगी पडते. व्यस्त परासरण (आरओ) यंत्राच्या पाण्यात खनिजे फार कमी उरतात, म्हणून त्यात थोडे नळाचे पिण्यायोग्य पाणी मिसळता येते. उदाहरणार्थ, १६० मिलिग्रॅम अल्कतेच्या एक भाग पाण्यात जवळजवळ क्षारहीन पाण्याचे तीन भाग मिसळल्यास अल्कता ४० मिलिग्रॅमच्या आसपास येते. मिठावर चालणारी मृदुकरण यंत्रे कॅल्शियम व मॅग्नेशियम यांच्या जागी सोडियम आणतात. अल्कता मात्र तशीच राहते. त्यामुळे भांड्यातील थर टळला, तरी चव सुधारतेच असे नाही.